डावा खांदा दोन बोटं खाली

या, असे पुढे सरकून बसा. खांब सोडा. खांबाला टेकलं की डोळा लागतो, हा माझा पन्नास वर्षांचा अनुभव आहे. गोष्ट सांगतो एक. भुताची आहे, म्हणजे तुम्ही बसालच. पण शेवटी एक काम सांगणार आहे. ते ऐकल्याशिवाय चपला शोधायला उठायचं नाही. कबूल? सरी, म्हणजे ठरलं.

मी विठोजी. ह्या कानडी मुलखात, हलसूरच्या बाजारात माझं शिवणाचं दुकान आहे. आमचे पूर्वज मराठी फौजेमागून तंबू शिवत इथवर आले आणि मग परत गेलेच नाहीत, असं घरात सांगतात. खरंखोटं पांडुरंग जाणे. देवानं मला गळा दिला नाही, कान मात्र दिले. कीर्तन कुठेही असो, मी पहिल्या रांगेत. दुसऱ्या दिवशी मशीनवर बसलो की पायात अजून झांजेचा ठेका असतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "अण्णा, आज टीप फार घट्ट पडलीय." पडणारच. आदल्या दिवशीचा उत्तररंग तसा रंगलेला असतो.

आमच्या विठ्ठल मंदिरात कार्तिकात सात दिवस कीर्तन असतं. हुबळीचे भीमाचार्य येतात. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला उभं गंध, हातात चिपळ्या. एका ओवीवरून दुसरीवर असे जातात, की जोड कुठे दिला ते शिंप्यालाही सापडू नये. असा माणूस मी दुसरा ऐकलेला नाही. त्यांच्या तोंडून एकदा तरी आपलं नाव निघावं, ही माझी हाव. माझं पाप तिथून सुरू होतं.

शहाण्णव सालची गोष्ट. सर्जापूर रोडला तेव्हा दोन्हीकडे रागीची शेतं होती, आणि मध्येच एखादी चार मजली इमारत नवी चप्पल घालून शेतात उतरल्यासारखी उभी असायची. त्या रस्त्यावरून आत, निलगिरीच्या झाडीपलीकडे, माविनहळ्ळी म्हणून एक खेडं. तिथे एक जुनं चर्च आहे. कौलारू, बुटकं, एका बाजूला घंटेचा मनोरा. फादर शहरातून महिन्यातून एकदाच यायचे. त्यांचे पांढरे झगे वर्षानुवर्षं माझ्याकडेच शिवायला असत. त्या आश्विनात ते म्हणाले, "विठोजी, तिथल्या वेदीवर अंथरायचं कापड जीर्ण झालंय. जाऊन माप घेऊन या. किल्ली आरोग्यम्माकडे आहे."

आरोग्यम्मा मला परकी नव्हती. पूर्वी ती हलसूरला राहायची आणि घरोघरी बाळंतिणींना, तान्ह्या मुलांना न्हाऊ घालायची. माझी हर्षिता जन्मली तेव्हा तीन महिने आमच्याकडे आली. पाटावर बसायची, पाय लांब करायची, पोटरीवर मूल पालथं घालून तेल चोळायची आणि तोंडानं काहीतरी गुणगुणायची. हर्षिता रडायची ती आंघोळ संपली म्हणून. बारशाला आमच्या सोयराबाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, तिला लुगडं आणि खण दिला. चोळी मी शिवली. शिंपी माणसाचा चेहरा विसरेल, माप विसरत नाही. तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली होता. मुलं डाव्या हातावर तोलून तोलून. पुढे नवरा गेल्यावर ती माहेरच्या गावी, माविनहळ्ळीला गेली. चर्च झाडायची, वेदीची कापडं धुवायची, रोज बाराला घंटा वाजवायची. आणि जवळच्या नव्या इमारतींमध्ये बाळांना न्हाऊ घालायची. एकदम बारा घरं होती तिच्याकडे.

मी पोचलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. तेवढ्यात घंटा वाजली. मनोऱ्याखाली कोणी दिसेना, दोर दिसेना. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. मग भिंतीआडून धुतलेल्या पांढऱ्या कापडांचा ढीग डोक्यावर घेतलेली एक बाई बाहेर आली. डावा खांदा दोन बोटं खाली.

"अण्णा!" ती हसली. आमचं बोलणं कानडीतलं, तुम्हाला मराठीत सांगतो. "घाबरलात होय? सगळे घाबरतात. दोर भिंतीच्या आतल्या बाजूला आहे, बाहेरून दिसत नाही. गावात म्हणतात, इथे मेलेली बाई घंटा वाजवते."

"कोण मेलेली?"

"माझ्या आजीची आई."

तिनं मला सावलीत बसवलं, पाणी दिलं, परसातले पेरू दिले. मी तीन खाल्ले. हा आकडा लक्षात ठेवा. आणि तिनं सांगितलं ते असं. गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगची साथ आली तेव्हा गाव सोडून सगळे लांब शेतात झोपड्या घालून राहिले. जे आजारी ते मागे, चर्चमध्ये. त्यांना पेज पाजायला ही एक बाई थांबली. रोज बाराला ती घंटा वाजवायची, म्हणजे शेतातल्यांना कळावं की गावात अजून कोणीतरी जिवंत आहे. एक दिवस निरोप गेला, बाई वारली. आणि दुसऱ्या दिवशी बाराला घंटा वाजली! शेतातले लोक आणखी दोन मैल लांब पळाले.

"घंटा माझ्या आजीनं वाजवली होती अण्णा," आरोग्यम्मा म्हणाली. "नऊ वर्षांची होती. आई गेली, पण घंटेची वेळ झाली, म्हणून वाजवली. भूत म्हणून कोणी आत पाऊल टाकलं नाही. चार दिवस पोर उपाशी. एकानं जरी डोकावून बघितलं असतं..." मग ती पुन्हा हसली. "आता मीच ते भूत. स्वल्प म्हातारं झालंय, एवढंच."

मी वेदीचं माप घेतलं आणि निघालो. तिनं चौथा पेरू माझ्या पिशवीत टाकला.

कार्तिकात भीमाचार्य आले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या उपरण्याला टीप घालून द्यायला गेलो. कॉफी पिता पिता ते म्हणाले, "विठोजीअण्णा, आज निरूपणाला वासना घेतोय. देह सुटतो, वासना सुटत नाही. पुराणातले दाखले लोकांना पाठ झालेत हो. ह्या मुलखातला काही असेल तर द्या की."

मी दिला. पण कसा दिला? जसा मिळाला तसा दिला असता तर आज तुम्हाला इथे बसवून ठेवलं नसतं. नऊ वर्षांची पोर मी गाळली. आरोग्यम्मा गाळली. म्हटलं, मी स्वतः गेलो होतो, भर दुपारी घंटा वाजली, माणूस नाही, आणि मग पांढऱ्या कापडातली बाई आली.

आचार्यांचे डोळे चमकले. "तुम्ही पाहिलीत?"

"पाहिली."

"पाय उलटे?"

"पायाकडे बघायचं धैर्य कुणाला झालं, आचार्य!" मी म्हटलं, आणि आम्ही दोघं हसलो.

"खूण पाहिजे अण्णा. खुणेवाचून गोष्ट ठसत नाही."

आता बघा, माणसाला खोटं रचायला बसवलं तरी त्याच्या हातातलं कसब खोटं बोलत नाही. काहीही सांगता आलं असतं. केस मोकळे, डोळे लाल. पण शिंपी मी, माझ्या तोंडून माप निघालं. "डावा खांदा दोन बोटं खाली." वर शिवणीला झालर लावावी तसं आणखी एक जोडलं. "तिनं मला फळ पुढं केलं आचार्य. मी टाकून पळालो."

दुपारी साडेचारला कीर्तन उभं राहिलं. मंदिर भरलेलं. आमची जुनी हलसूरची घरं होतीच, शिवाय नव्या इमारतींतली पुण्या-मुंबईकडची मंडळीही आली होती. पूर्वरंग झाला, बुक्का लावला, हार घातला. उत्तररंगात आचार्यांनी ते चर्च असं उभं केलं, की मला तिथे पुन्हा तहान लागली. आणि उभ्या उभ्या एक साकी रचली:

मेल्या हाती दोर राहिला, घंटा वाजे भर दुपारी,
त्या हातीचे नका घेऊ रे, फळ असो वा पाणी-भाकरी!

झांजेवर ती अशी काही बसली, की दुसऱ्या फेरीला सगळं मंदिर म्हणू लागलं. मग ते थांबले. चिपळ्या छातीशी धरल्या आणि माझ्याकडे वळले. "ऐकीव नव्हे मंडळी! हे आमचे विठोजीअण्णा पुढ्यात बसलेत. यांनी डोळ्यांनी पाहिलं. खरं ना, अण्णा?"

सगळ्या मंदिराची तोंडं माझ्याकडे. पुढे पांडुरंग कमरेवर हात ठेवून उभा. नारदाच्या गादीवरून माझं नाव आलेलं.

"खरं," मी म्हणालो.

एकच शब्द. टाळ्या पडल्या. उत्सव कमिटीच्या नरसिंहरावांनी स्वतःच्या हातानं मला दुसऱ्यांदा बुक्का लावला. त्या संध्याकाळी मी तरंगत घरी गेलो, हे कबूल करतो. सोयराबाई कीर्तनाला नव्हती. हर्षिताला दिवस गेले होते, तिला घेऊन डॉक्टरकडे गेली होती. ती असती तर त्याच क्षणी उठून उभी राहिली असती. माझं दुर्दैव की नशीब, तेव्हा मला नशीब वाटलं.

दहा-बारा दिवसांनी नीला आली. सर्जापूर रोडच्या नव्या इमारतीत राहणारी, पुण्याची मुलगी. नवरा चंद्रकांत सरकारी संशोधन संस्थेत इंजिनीअर. तिचा ध्रुव तेव्हा दोन महिन्यांचा. ब्लाउजचं कापड काउंटरवर ठेवलं आणि हळूच म्हणाली, "काका, एक विचारू? हसू नका हं. आमच्या ध्रुवला आंघोळ घालायला एक बाई येते. तिचा पण खांदा तसाच आहे. डावा. आणि ती त्याच चर्चमध्ये राहते म्हणे. मी काही ह्या गोष्टी मानत नाही. पण सासूबाई कीर्तनाला होत्या ना, त्यांनी झोपच सोडलीय. ती साकी म्हणत बसतात. ती ही नाही ना?"

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. नरसिंहराव कोटाची ट्रायल घ्यायला आले होते. ते आरशातूनच म्हणाले, "अहो, काय रंगलं होतं त्या दिवशी! आमच्या विठोजीनं बाजी मारली!"

अगदी सोपं होतं बघा. "अगं वेडे, ती आरोग्यम्मा. तिनं माझी पोर वाढवली," एवढंच म्हणायचं होतं. मी टेप गळ्याभोवती नीट केला. "आता मी काय सांगू बाई," मी म्हणालो. "तुमचं तुम्ही बघा."

"बरोबर," नीला म्हणाली. "रिस्क कशाला."

त्या 'खरं'पेक्षा हे वाक्य मला जास्त छळतं. 'खरं' म्हणालो तेव्हा निदान कैफ होता. इथे मी पूर्ण शुद्धीत होतो, आणि माझ्या हातात कात्री होती.

माघात हर्षिताला मुलगी झाली. रम्या. पाचव्या दिवशी सोयराबाई म्हणाली, "आरोग्यम्माला बोलवा. आईला न्हाऊ घातलं, तिनंच लेकीलाही घालू दे." मी म्हटलं, ती लांब राहते, म्हातारी झाली, शेजारची मल्लाप्पाची सून काय वाईट आहे. अशी चार दिवस टोलवाटोलवी केली. मग सोयराबाई बाजारातून आली ती तोंड घट्ट मिटून. पिशवी खाली ठेवली. पदरानं घाम पुसला.

"अहो, एक सांगा. भूत तुमच्याकडून चोळी शिवून घेतं होय?"

मी मशीनवरचं कापड सरळ करू लागलो.

"मी शिवलेलं उसवते कधी कधी, तुम्ही माणूस उसवलंत. बाजारात भाजीवाल्यापाशी दोघी साकी म्हणत होत्या. 'त्या हातीचे नका घेऊ रे.' कोणाचे हात म्हटलं, तर सगळं अंगासकट माप सांगितलं मला! चोवीस वर्षांपूर्वी तुम्ही टेप धरला होता, मी खडूनं मांडलं होतं. मला नाही कळणार?" मग तिचा आवाज खाली आला. "तिच्या हातावर आपली पोर जगली हो. महिने भरायच्या आत जन्मलेली. विसरलात?"

दुसऱ्या दिवशी मी माविनहळ्ळीला गेलो.

आरोग्यम्मा चर्चच्या पायरीवर बसली होती. समोर वाटीत खोबरेल, आणि ती स्वतःच्याच हातांना तेल चोळत होती. मला बघून उठली नाही. म्हणाली, "या अण्णा. हात बघा बरं माझे. तुम्ही कापडाचा पोत ओळखता. हे खरखरीत लागतात का?"

मी हात हातात घेतले. तिच्या वयाला मऊच होते.

"मग काय झालं असेल? बाराच्या बारा घरं बंद झाली. आधी ती पुण्याची मुलगी. मग एकेक. कोणी भांडलं नाही. 'उद्यापासून नको' एवढंच. मी म्हटलं, एखादं मूल हातातून निसटलं असेल आणि मला कळलं नसेल. म्हातारपणी असं होतं. म्हणून रोज तेल लावते. दगड घेऊन पोटरीवर धरून बघते, तोल जातो का."

खरंच, पायरीपाशी तान्ह्या मुलाएवढा एक गुळगुळीत दगड होता. तेलानं काळा पडलेला.

मी सगळं सांगितलं. आचार्य, खूण, साकी, 'खरं', नीला. काही गाळलं नाही. गाळायची सवय मला बरीच महाग पडली होती. ती ऐकत राहिली. मध्येच बारा वाजले तशी उठली, आत गेली, घंटा वाजवली, परत येऊन बसली.

"आणि पेरू?" तिनं विचारलं.

"टाकून पळालो म्हणून सांगितलं."

"तीन खाल्लेत तुम्ही. चौथा नेलात."

"हो."

"गोड होते?"

मी मान हलवली.

तेलाची वाटी बाजूला सारून ती म्हणाली, "माझ्या आजीला चार दिवस उपाशी ठेवलं त्या लोकांना ती माहीत नव्हती. तुम्हाला मी माहीत होते."

मी तिच्या पाया पडायला वाकलो. तिनं पाय मागे घेतले. मी म्हटलं, "हर्षिताला मुलगी झालीय. सोयरानं बोलावलंय. चल." वाटलं, आमच्या घरी आली की हळूहळू सगळं सुरळीत होईल. आणि मला चारचौघांत तोंड उघडावं लागणार नाही, हेही मनात होतं. ते तिनं ओळखलं.

"नको अण्णा. तुमच्याकडे मी आले तर ती तुमची दया होईल. जिथं बोललात तिथं उसवा. मग येईन."

रामनवमीच्या उत्सवाला भीमाचार्य पुन्हा येणार होते. दोन महिने होते. मी आधी नरसिंहरावांकडे गेलो. ते म्हणाले, "वेडे की काय? गादीवरून गेलेला शब्द परत घेतलेला कधी ऐकलाय? लोक उद्या प्रत्येक कीर्तनात हात वर करून विचारतील, हे खरं का ते खरं! चार महिने गेले की विसरतील." पण आचार्य उतरले त्या दिवशी सकाळी मी त्यांना गाठलं. त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला तो उचललाच नाही.

"खूण मी मागितली," ते म्हणाले. "साकी माझी. अण्णा, तुम्ही एका माणसाशी खोटं बोललात; मी त्याला चाल लावली. पूर्वरंग संपला की उभे राहा."

उभा राहिलो. गादीवर पाय ठेवला नाही, तिच्या शेजारी जमिनीवर.  म्हणालो, "कार्तिकात मी इथे 'खरं' म्हणालो. ते खोटं होतं. तिथे भूत नाही. तिथे आरोग्यम्मा म्हणून बाई आहे. तिनं माझ्या मुलीला न्हाऊ घातलं, तुमच्यातल्या कितीतरी घरांत घातलं. घंटा ती वाजवते. तिच्या आजीनं वाजवली, तेव्हाही लोक पळाले आणि लहान पोर चार दिवस उपाशी राहिलं. तिचा खांदा तुमच्या-आमच्या मुलांच्या वजनानं उतरलाय. मी फळ टाकलं नाही. तिच्या हातचे तीन पेरू मी खाल्ले."

 मला वाटलं, झालं, उसवलं. आणि मागून, खांबापाशी बसलेल्या एका म्हातारीचा आवाज आला, अगदी स्पष्ट:

"बघा! खाल्ले! तरीच असं बोलतोय!"

कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. एक बाई शेजारणीला म्हणाली, "धरलंय बाई त्याला." माझ्या कबुलीनं भुताला साक्षीदार मिळाला. आचार्यांनी चिपळ्या जोरात वाजवल्या आणि गरजले, "ती साकी मी परत घेतो! पुन्हा कोणी म्हणाल तर मला पाप!" पण साकी परत घेता येते का हो? कापड परत घेता येतं. तोंडात बसलेली चाल कशी घेणार? दरवाज्याबाहेर जाताना एकजण तीच गुणगुणत गेला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. चालच तशी होती.

एक मात्र झालं. नीला चपला न घालताच माझ्यामागे धावत आली. डोळे भरलेले. "काका, त्या दिवशी दुकानात मी तुम्हाला सरळ विचारलं होतं."

"हो."

"मग?"

"उद्या माविनहळ्ळीला जाणार आहे," मी म्हणालो. "तुम्हीही या." 

दुसऱ्या दिवशी सोयराबाई, नीला आणि मी, तिघं माविनहळ्ळीला गेलो. आरोग्यम्मानं मला विचारलं, "उसवलंत?" मी म्हटलं, "उसवलं. पण टाके राहिलेत." ती म्हणाली, "टाके राहतातच," आणि पदर खोचून निघाली. शब्दाची पक्की बाई.

आमच्या मोरीत सोयराबाईनं पाणी तापवून ठेवलं होतं. तेल कोमट केलेलं, सांब्राणीच्या धुपाचे निखारे फुललेले. आरोग्यम्मा पाटावर बसली, पाय लांब केले. हर्षितानं रम्याला तिच्या पोटरीवर ठेवलं. मी दाराबाहेर उभा होतो. तिचं गुणगुणणं सुरू झालं, चोवीस वर्षांपूर्वीचं तेच. पाठीला तेल लागलं, पायांना लागलं. मग गुणगुणणं थांबलं.

"अक्का," ती सोयराबाईला म्हणाली, "घ्या हिला."

"का गं? काय झालं?"

"घ्या आधी."

सोयराबाईनं रम्याला उचललं. आरोग्यम्मानं दोन्ही हात समोर धरले. ते थरथरत होते. "ह्यांना भीती माहीत नव्हती," ती म्हणाली. "इतकी मुलं... एकदाही मनात आलं नाही की पडेल. आता मूल हातात आलं आणि मनात आलं, माझ्या हातून काही झालं तर लोक म्हणतील, बघा. आणि एकदा मनात आलं की हात हात राहत नाहीत, अक्का."

सोयराबाईनं पुष्कळ समजावलं. हर्षिता रडली. नीला म्हणाली, ध्रुव आता मोठा आहे, बसतो, उद्या त्याला घाला. आरोग्यम्मानं तिच्या गालावरून हात फिरवला, कॉफी घेतली, रम्याला सांब्राणीची धुरी मात्र स्वतः दिली. त्याला हात स्थिर लागत नाहीत. खणाचं कापड घेतलं नाही. "चोळी कशाला," म्हणाली, "माप तर सगळ्या गावाला पाठ आहे." हे मला टोचायला म्हणाली की नुसती हसायला, ते मला अजून कळलेलं नाही. मी दोन्ही धरून चालतो.

पावसाळ्याआधी ती के. आर. पुरमला भाचीकडे गेली. मी दोनदा जाऊन आलो. दुसऱ्यांदा पेरू घेऊन गेलो. तिनं एक खाल्ला, बाकीचे भाचीच्या मुलांना वाटले. अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात गेली. मला चार दिवसांनी कळलं.

त्या चर्चला आता कुलूप असतं. भोवती इमारती वाढल्या. मागच्या महिन्यात मी रिक्षानं तिकडून जात होतो, तर रिक्षावालाच मला सांगू लागला, "अण्णा, इथे बाराला घंटा वाजते. एक बाई आहे, डावा खांदा खाली. कोणी काही दिलं तर घ्यायचं नाही." मी म्हटलं, "तिचं नाव काय?" तो हसला. "भुताला नाव कुठलं?"

भोवती शेतं होती तेव्हा फादरांकडून किल्ली मागून मी एकदा आत गेलो होतो. वाटलं, बाराला आपण तरी दोर ओढावा. ओढला. रागीत खुरपणाऱ्या बायका खुरपी टाकून पळाल्या. तेव्हापासून मी त्या दोराला हात लावलेला नाही. पायरीपाशी तो दगड मात्र अजून आहे. पावसानंही त्याचं तेल गेलेलं नाही.

तर आता काम सांगतो. ही गोष्ट तुम्हाला कुठे ना कुठे पुन्हा ऐकू येईल. रिक्षात, जिन्यात, एखाद्या कीर्तनातही येईल. तेव्हा भांडू नका, भांडून मी पाहिलं. फक्त तिचं नाव घ्या. आरोग्यम्मा. म्हणा, ती पोरांना न्हाऊ घालायची आणि पोरं आंघोळ संपली म्हणून रडायची. आणि ज्याला म्हणाल त्याला सांगा की हे विठोजी शिंप्यानं सांगितलंय, आणि त्यानं तिच्या हातचे तीन पेरू खाल्लेत. माझं नाव घालायला विसरू नका. कोणाच्या तरी तोंडून ते निघावं, अशी माझी फार इच्छा होती.

आता उठा. चपला डाव्या बाजूला आहेत.